मगदूम हवालदार आणि सहा खिडक्या

माझी आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती. सांगलीच्या पुढं, कर्नाटकाच्या वाटेला. तोंडाला फडकं बांधून दिवसभर चाळण मारायची आणि संध्याकाळी घरी आली की उंबऱ्याबाहेर थांबून आधी पदर झटकायची, मग केस, मग हातपाय धुवायची. एवढं करूनही तिच्या हातची भाकरी आम्हाला कडवट लागायची. धाकटा भाऊ तिच्या कुशीत झोपला की शिंकून बेजार व्हायचा, म्हणून तो कायम बापाजवळ निजला. बाप हमाल. त्याची पाठ गेली तसा तोही घरीच बसला. त्या वखारीवर आम्ही चार माणसं जगलो आणि मी बी.फार्म. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी जिथं तिथं सांगते, आणि सांगताना आवाज खाली आणत नाही.

नोकरी लागली ती तुरुंगाच्या दवाखान्यात, फार्मासिस्ट म्हणून. आई म्हणाली, "एवढं शिकवलं ते पोरीला जेलात घालाया व्हय?" तुरुंग सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांतलाच, पण नेमका कुठला ते लिहीत नाही. तिथली माणसं अजून नोकरीत आहेत.

पहिल्याच सकाळी मगदूम हवालदार भेटले. क्षयाच्या कैद्यांना गोळ्या आपल्यासमोर गिळायला लावायच्या असतात, म्हणून मी गोळ्यांचा ट्रे घेऊन बरॅक उघडायच्या वेळी गेले होते. हवालदारांनी कुलूप काढलं, लोखंडी दार ओढलं आणि रेल्वेचं फाटक पडावं तसा हात माझ्यापुढं आडवा धरला.

"थांबा मॅडम. आधी बरॅक बाहेर येऊंदे, मग माणसं."

मला ती थट्टा वाटली. मग ती बाहेर आली. डोक्याच्या उंचीवर, निळसर, घाई नसलेली. नुसता बिडीचा धूर नव्हता तो. जळक्या चिंध्या, घाम, कोपऱ्यातला संडास, सगळं त्यात शिजलेलं होतं. मी तंबाखूच्या घरात वाढलेली. मला वाटायचं, तंबाखू माझं काय वाकडं करणार. पण डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ट्रे सांभाळत तिथंच पायरीवर बसले. हवालदार दाराच्या बाजूला सरून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ते जैन. एक णमोकार मंत्र पुरा होईपर्यंत ते असे थांबत, आणि तेवढ्यात आत शिरण्याजोगी हवा होते, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा हिशेब होता.

मग माणसं आली. खोकत, थुंकत, डोळे चोळत. हवालदार प्रत्येकाकडं न बघताच नावं घेत होते.

"न बघता कसं हो?" मी विचारलं.

"खोकल्यावरनं कळतंय की. प्रत्येकाचा सूर वेगळा हाय."

मला त्या सकाळचा धक्का अजून आठवतो. कारण आत तंबाखूला बंदी होती. तसा फलक फाटकावर होता, आत होता, दवाखान्याच्या भिंतीवरही होता.

दादगोंडा मगदूम हे पलूसच्या बाजूचे. घरी थोडा ऊस, थोडी द्राक्षं, ती भाऊ बघायचा. अंगानं किडकिडीत, मिशा बारीक, खाकी कायम इस्त्रीची. कांदा-लसूण नाही, बटाटा नाही आणि सूर्य बुडाल्यावर अन्न नाही. म्हणून संध्याकाळी बरॅकींना कुलपं लागायच्या आधी ते फाटकाजवळच्या बाकावर डबा उघडत. भाकरी, दही, शेंगदाण्याची चटणी. कैदी घरच्यांच्या मुलाखतीवरून परत जाताना टोमणे मारायचे.

"आण्णा, आटपा. सूर्य सुटून निघाला."

"त्याला जामीन हाय. तुमचं बगा तुमी," हवालदार भाकरी मोडत म्हणायचे.

त्यांच्या नाकाचा तुरुंगात दरारा होता. मुलाखतीहून आलेल्या माणसाशेजारून नुसते चालत जायचे आणि म्हणायचे, "डाव्या पायाच्या चपलेत." चप्पल काढली की बिडी निघायचीच. बिडी साबणात यायची, विजारीच्या नेफ्यात यायची, भाकरीच्या पापुद्र्यात यायची. काडेपेटी मात्र आणायला अवघड, म्हणून आत गोधडीच्या चिंध्यांची लांब वात वळून ती सतत धुमसत ठेवायचे. ज्याला बिडी पेटवायची त्यानं तिथं जायचं. बिडी पाच मिनिटांत संपते. वात संपत नाही. दार संध्याकाळी बंद होई ते सकाळीच उघडे, आणि आतली गर्दी अशी की कुशीवर वळायचं तर शेजाऱ्याला उठवावं लागे. त्यातले निम्मे तरी कधी बिडी न ओढणारे. पण नाकं सगळ्यांनाच होती.

हवालदारांची एक व्यथा होती, ती मला बऱ्याच दिवसांनी कळली. गावातल्या बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, लोक त्यांच्याशेजारी बसत नसत. अंगाला बिडीचा वास. "नोकरीत ओढायला शिकलाय चोरून," असं मागं बोलायचे. बायको रत्नाकाकू त्यांना खाकी गोठ्यातच उतरवायला लावायच्या. तीसेक वर्षं माणूस गोठ्यात कपडे बदलत होता. म्हशीसुद्धा तोंड फिरवत्यात, असं ते हसत सांगायचे. हसता हसता खोकायचे आणि तो खोकला हसण्यापेक्षा लांबत जायचा.

मी नवी होते, शिकलेली होते, आणि मला वाटायचं, लिहिलं की होतं. दम लागणारे कैदी दवाखान्यात आले की मी रजिस्टरात कारणाच्या रकान्यात 'धुरामुळे' असं लिहायला लागले. आठवड्याभरात अधीक्षक साहेबांचं बोलावणं आलं. साहेब वाईट माणूस नव्हते. चहा दिला.

"मॅडम, हे काय लिहिता?"

"धूर असतो, साहेब."

"कसला?"

"बिडीचा."

"आपल्याकडं बिडीला बंदी आहे. बंदी आहे म्हणजे बिडी नाही. बिडी नाही म्हणजे धूर नाही." मग पेन पुढं सरकवून म्हणाले, "हवामानामुळे लिहा. खोटं पण नाही ते."

मी कॉलेज शिकलेली, प्रोबेशनवरची. मी खोडलं. सगळ्या नोंदींवर रेघ मारून वर 'हवामानामुळे' असं बारीक अक्षरात लिहिलं. मगदूम दारात उभे होते. बाहेर आल्यावर म्हणाले, "ताई, मनाला लावून घेऊ नका. मी कोण लागून गेलोय तुमाला नावं ठेवायला." त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी मॅडमची ताई झाले, आणि ते माझे मगदूम काका. पण त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा कळला नव्हता.

त्या पावसाळ्यात त्यांना जिना चढवेना. मीच हट्ट करून त्यांना कराडला छातीच्या डॉक्टरकडं पाठवलं आणि सुट्टी होती म्हणून सोबत गेले. डॉक्टरांनी त्यांना नळीत फुंकायला लावलं, एकदा, दोनदा, तीनदा. छातीचा फोटो दिव्यावर लावला आणि खुर्ची जवळ ओढली.

"बिडी कधीपासून ओढता?"

"डॉक्टर, मी कांदासुद्धा खात न्हाई."

"कांद्याचं नाही विचारलं. बिडीचं विचारलं. माझ्यापासून लपवून काय मिळणार? मुलगी बाहेर थांबू दे हवं तर." ते माझ्याकडं बघत होते.

"ही आमच्या दवाखान्यातली ताई हाय. आणि मी आयुष्यात बिडी ओठाला लावली न्हाई. हातात लय धरल्या, जप्त करताना."

डॉक्टरांचा विश्वास बसायला वेळ लागला. मग त्यांनी कामाची जागा विचारली, आणि ती ऐकल्यावर पुन्हा फोटोकडं वळले. फोटोवर बोट ठेवून हळू म्हणाले, "हे पक्क्या बिडीवाल्याचं फुप्फुस आहे. गेलेलं परत येत नाही. उरलंय ते सांभाळायचं."

मी हादरले. काका तर आठ तासांची ड्युटी करून मोकळ्या हवेत येणारे. मग जे दिवसातला बहुतेक वेळ आत असतात त्यांचं काय? परतीच्या एसटीत मी ते बोललेही. काका खिडकीबाहेर बघत होते. एवढंच म्हणाले, "तेच इचार करतोय."

आता किसनतात्या. कोयनानगरच्या वरच्या अंगाच्या एका वाडीतला म्हातारा. बांधावरून पुतण्याशी मारामारी झाली, पुतण्याचं डोकं फुटलं, हा आत. खटला उभा राहिला नव्हता. त्याला जुना दमा. "आमच्याकडं वारं असं, की कौलांवर धोंडं ठिवावं लागत्यात," असं तो मला फवाऱ्याचं औषध घेताना सांगायचा. "हितं नाकात घ्यायलाबी वारं न्हाई, डाक्टरीनबाई." मी डॉक्टरीण नाही, हे त्याला चार वेळा सांगून पाहिलं.

एका झडतीत किसनतात्याच्या उशीत बिड्यांचं बंडल सापडलं. काकांनी ते हातात घेतलं आणि विश्वास न बसून विचारलं, "तात्या? तुमी? दमेकरी माणूस?"

"आवं, ओढतोय कुठं? दारापाशी निजायला लागत्यात."

सगळं तिथंच उघड झालं. बरॅकीत हवा येण्याची एकच जागा होती, लोखंडी दारातले चार गज. दारापाशी पथारी टाकायची तर आतल्या दांडगटांना रोज बिड्या द्यायच्या. नाही दिल्या की मागं, संडासाच्या भिंतीला, जिथं धूर गोळा होतो. म्हणून तात्या आपला सकाळचा चहा आणि रविवारची गोड वाटी विकून बिड्या घेत होता. धुरापासून लांब निजायला त्याला बिड्या विकत घ्याव्या लागत होत्या, आणि त्या तिथंच ओढल्या जात होत्या.

मी झडतीच्या वेळी औषधांची पेटी तपासायला तिथं होते. काका बंडल हातात धरून उभे होते. पुढं दोन शिपाई, मागं त्यांच्या वरचे सुभेदार. नियम सांगतो, जप्त करा. त्यांनी जप्त केलं. पंचनाम्यावर सही केली. तात्यानं नुसती पथारी उचलली आणि स्वतःच मागं नेऊन टाकली.

त्याला तिथून हलवायला पाहिजे, असं काकांनी सुभेदारांना सांगितलं. मीही सांगितलं. उद्या बघू, म्हणाले. पाचव्या दिवशी सकाळी बरॅक उघडली, नावं घेताना एक खोकला कमी होता. आम्ही आत गेलो. तात्या भिंतीला टेकून बसला होता, मान वर करून, तोंड उघडं. मी दिलेला दम्याचा फवारा त्याच्या मुठीत होता, रिकामा. सिव्हिल हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं.

मृत्यूचं कारण लिहायची वेळ माझ्यावर आली नाही, हे माझं नशीब. पण दवाखान्याच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं माझ्याच अक्षरात चार ठिकाणी 'हवामानामुळे' होतं.

मगदूम काका रजेवर गेले. पंधरा दिवस झाले तरी येईनात, तेव्हा मी त्यांची औषधं घेऊन घरी गेले. रत्नाकाकूंनी ताक दिलं. सोप्यात टीव्हीच्या वर एक चौकट होती. प्रशस्तीपत्रक. 'प्रतिबंधित वस्तूंचा शिरकाव रोखण्याकामी केलेल्या उत्कृष्ट सूचनेबद्दल.' मी कौतुकानं विचारलं, "कसली सूचना दिली होती, काका?"

ते खाटेवर बसले होते. खाली बघून म्हणाले, "बरॅकीच्या मागच्या भिंतीला सहा खिडक्या हायत, ताई. तुमी कवा बगितल्यात?"

मी नव्हत्या बघितल्या. मला वाटायचं ती नुसती भिंत आहे.

"रस्त्याच्या अंगाला हायत. पयलं लोक तिकडनं चेंडू फेकायचे. रबराचा चेंडू चिरायचा, आत बिड्या भरायच्या, आणि भिंतीवरनं नेमका खिडकीत. लय आल्या. साहेब हैराण. मी म्हटलं, खिडक्यांना पत्रे मारू. बाहेरनं, चारी अंगानं, फट न ठेवता. मीच उभा राहून मारून घेतले. चेंडू बंद झाले." ते थांबले, श्वास घेतला. "बिड्या फाटकातनं यायला लागल्या. त्या थांबल्या न्हाईत. धूर जायचा तेवढा थांबला. सोळा वर्षं झाली."

 रोज सकाळी दारात हात आडवा धरणारा हाच माणूस, आणि ती बरॅक अशी कोंडून ठेवणाराही हाच.

"जाळी मारायची हुती हो," काका म्हणाले. "बारीक जाळी. आमच्या बस्तीच्या खिडकीला हाय की, पाखरं आत येऊन मरू नयेत म्हणून. रोज तिच्याखाली बसून हात जोडतोय मी. पाखरांचं डोक्यात आलं. माणसांचं न्हाई आलं."

रत्नाकाकू दारात उभ्या होत्या. "मग आता सांगा की साहेबांना, काढा म्हणून," त्या म्हणाल्या.

"सांगितलं तोंडी. दरसाल सांगितलं. साहेब म्हणत्यात लिहून दे. लिहायचं काय? आत धूर हाय म्हणून. म्हणजे आत बिडी हाय. कुणाच्या ड्युटीत आली? माझ्या. दोन महिने उरल्यात नोकरीचे. चौकशी लागली की पेन्शन अडकतंय." मग बायकोकडं बघून म्हणाले, "तुझं औषधपाणी हाय. धाकटीचं लग्न हाय."

काकू आत गेल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्याचा आवाज जरा जास्तच येत होता.

तुरुंगात माणूस दगावला की न्यायाधीशांची चौकशी लागते. न्यायाधीश बाई आमच्याकडं आल्या. आम्हाला ओळीनं बाहेर बाकावर बसवलं होतं, दार अर्धवट लोटलेलं, आतलं सगळं ऐकू येत होतं. साहेब गेले: म्हातारा, जुना आजार, हवामान. सुभेदार गेले: हवामान. दोन शिपाई गेले. पावसाळ्याला त्या दिवशी इतके दोष लागले की मला लाजेनं वर बघवेना. कारण त्यांच्यानंतर मगदूम काका होते आणि त्यांच्यानंतर मी, आणि मी काय सांगणार हे मलाच ठाऊक नव्हतं.

काका आत गेले. खुर्ची नको म्हणाले.

"धूर असतो का बरॅकीत?" बाईंनी विचारलं.

"असतोय. रोज."

"बिडीचा?"

"बिडीचा, आणि चिंध्यांच्या वातीचा."

"बंदी असताना बिडी येते कुठून?"

"फाटकातनं. माझ्या ड्युटीतबी येती. सगळी मला सापडत न्हाई. आणि धूर बाहेर जात न्हाई, कारण खिडक्यांना पत्रे हायत. ते मारायची सूचना माझी. त्याचं प्रशस्तीपत्रक हाय, ते आणलंय." पिशवीतून काचेची चौकट टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. "आणि तात्या मरायच्या आधी पाच दिवस त्याची दारापाशी निजायची सोय मीच जप्त केली. पंचनाम्यावर सही माझी हाय."

 मग बाई म्हणाल्या, "हवालदार, तुम्ही निवृत्त कधी होताय?"

"सव्वा महिना राहिलाय."

"हे लिहून घेतलं की पुढं काय होईल ते कळतंय ना? हवं तर विचार करून उद्या सांगा."

"इचार करण्यातच सोळा वर्षं गेली, बाई. लिवून घ्या."

बाहेर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. माझ्याजवळून जाताना नुसती मान हलवली. मी आत गेले आणि रजिस्टर उघडून रेघेखालचा 'धुरामुळे' हा शब्द दाखवला. ते काही धाडसाचं नव्हतं. माझ्या पुढ्यात एक माणूस आपलं सगळं टेबलावर ठेवून गेला होता, त्यानंतर खोटं बोलायला जागाच उरली नव्हती.

मगदूम काकांना नोटीस मिळाली. निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ झालं नाही. फाटकावर चावी जमा केली, वहीत सही केली आणि गेले. पेन्शन अडकलं ते बरेच महिने. धाकटीचं लग्न पुढं ढकललं. काकूंनी मला एकदा फोनवर सांगितलं, "आता कपडे घरात काढत्यात. बाकी काय न्हाई."

पत्रे काढायला वेल्डर आले तो दिवस गुरुवार होता. मी दवाखान्याच्या खिडकीत होते. रस्त्यापलीकडं, उसाच्या रसाच्या गाड्यामागं, पांढरा सदरा आणि टोपी घातलेले काका उभे होते. त्यांना कुणी कळवलं मला माहीत नाही. मी हात केला, पण त्यांचं लक्ष भिंतीकडं होतं. एकेक पत्रा सुटला की गंजाचा ढीग खाली पडायचा आणि ते टाचा उंचावून बघायचे. शेवटचा पत्रा निघाला तेव्हा आतून, गजांमधून, एक हात बाहेर आला. पावसाचे थेंब आलेत का ते बघावं, तसा तळवा वर करून तो हात तिथं तसाच राहिला. पाऊस नव्हता. कुणाचा हात ते मला कळलं नाही. काकांनी त्या हाताला नमस्कार केल्यासारखे दोन्ही हात छातीशी नेले, की ते नुसतं दम खाणं होतं, तेही मला सांगता येणार नाही. मग ते वळले आणि एसटी स्टँडच्या रस्त्याला लागले. कोपऱ्यापर्यंत जाताना दोनदा थांबले. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

सहाही खिडक्यांना आता बारीक जाळी आहे. बिडी न ओढणाऱ्यांची बरॅक वेगळी केली आहे आणि तिथं दारापाशी निजायला कुणाला काही द्यावं लागत नाही. बिडी पुरती बंद झाली, असं मी म्हणणार नाही, कारण झालेली नाही. पण ती आहे असं आता लिहिता येतं. दवाखान्याच्या रजिस्टरात मी कारण लिहिते, 'धूर', आणि ते कुणी खोडत नाही.